मानसशास्त्रीय व शैक्षणिक कसोट्या : डहाणू–तलासरी परिसरातील संशोधनाच्या संदर्भात

व्यक्तीची बुद्धी, अभियोग्यता, अभिरुची, व्यक्तिमत्त्व किंवा विद्यासंपादन यांचे मापन करण्यासाठी ठराविक परिस्थितीत ठराविक प्रश्न किंवा कृती देऊन, ठराविक रीतीने गुणांकन करावयाचे साधन म्हणजे कसोटी होय. शैक्षणिक संशोधनात प्रत्येक वेळी नवी कसोटी तयार करणे शक्य नसते. ते काम खर्चाचे व अनेक वर्षांचे असते. त्यामुळे आपल्या विषयास योग्य अशी, पूर्वी कोणी तयार केलेली कसोटी शोधून काढणे हा संशोधकाच्या कामाचा एक आरंभीचा टप्पा ठरतो. हा शोध वरवर पाहता सूची व ग्रंथालये यांपुरता मर्यादित वाटतो. परंतु कसोटी ज्या मुलांवर प्रमाणित झालेली असते त्यांची भाषा, त्यांच्या घरातील वस्तू व त्यांच्या शाळेतील सवयी तिच्यात सामावलेल्या असतात. म्हणून कसोटी सापडणे आणि ती समोरच्या मुलास लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात हा भेद विशेष स्पष्ट होतो. महाराष्ट्रातील मानसिक मापनाचा इतिहास आणि या परिसरातील बालशिक्षणाचा इतिहास दीर्घकाळ एकमेकांना समांतर चालत राहिले. त्यांची गाठ पडली की कोणते प्रश्न उभे राहतात, ते या दोन्ही इतिहासांवरून कळते.

प्रदेश व मुले : डहाणू तालुका अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडील डोंगराळ भागापर्यंत पसरलेला असून तलासरी तालुका त्याच्या उत्तरेस गुजरातच्या सीमेलगत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख व तलासरीची सुमारे दीड लाख होती. डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत नऊ दशांशांच्या आसपास लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांत वारली बहुसंख्य असून मल्हार कोळी, कोकणा, दुबळा, धोडिया, कातकरी इ. जमातीही आढळतात. किनाऱ्यालगतच्या गावांत चिकूच्या वाड्या व मासेमारी, तर आतील पाड्यांवर पावसाळी भातशेती व जंगल हे उपजीविकेचे आधार आहेत. भाताची कापणी आटोपली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीसाठी बाहेरगावी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वारली बोली मराठीशी निगडित असली, तरी तिचे उच्चार, शब्दसंग्रह व व्याकरणरूपे पाठ्यपुस्तकातील मराठीहून पुष्कळ वेगळी आहेत. गुजरातीच्या सान्निध्याचा परिणामही तिच्यावर झालेला आहे. पाड्यावरून प्रथमच शाळेत येणाऱ्या मुलाला शिक्षकाची भाषा ही बव्हंशी नवी भाषा असते.

या परिसराच्या अर्वाचीन इतिहासात १९४५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील व आता तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी या पद्धतींविरुद्धच्या लढ्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. ज्यांचे वाडवडील लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे राबले, अशा घरांतील मुले या केंद्राच्या कार्यामुळे बालशिक्षणाच्या कक्षेत येऊ लागली. या मुलांच्या कुवतीविषयी पुढे केलेल्या कोणत्याही मापनाचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

कसोट्यांचा उगम व भारतातील आगमन : आधुनिक बुद्धिमापनाचा प्रारंभ फ्रान्समध्ये झाला. सक्तीच्या शिक्षणामुळे पॅरिसच्या शाळांत सर्व थरांतील मुले येऊ लागल्यावर, ज्यांना विशेष साहाय्याची गरज आहे अशी मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेद बीने (१८५७–१९११) व तेओदोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये आपली पहिली मापनश्रेणी तयार केली. बीने यांच्या मते बुद्धी ही जन्मतःच कायमची ठरलेली राशी नव्हती. शिक्षणाने ती वाढू शकते, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. त्यांची श्रेणी अमेरिकेत गेल्यावर हा आग्रह मागे पडला. लूइस टर्मन यांनी १९१६ मध्ये केलेली स्टॅनफर्ड आवृत्ती आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांच्या कल्पनेवर आधारलेला बुद्धिगुणांक यांमुळे मुलाची कुवत एका आकड्यात सांगता येते, ही समजूत रूढ झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात निरक्षर व इंग्रजी न जाणणाऱ्या सैनिकांसाठी स्वतंत्र अशाब्दिक कसोटी वापरण्यात आली. भाषा आड येत असेल, तर भाषाच वगळावी हा उपाय तेव्हापासून प्रचारात आला.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. लाहोर येथील फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातील सी. एच. राइस यांनी बीने श्रेणीचे हिंदुस्थानी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची स्थापना १९३६ मध्ये झाली व तिच्या वतीने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर अलाहाबाद येथील मानसशास्त्र केंद्र (१९४७), मुंबई सरकारचे व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय (१९५०) व दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (१९६१) यांनी कसोट्यांचा प्रसार केला. बुद्धिमापनाचे हे काम प्रामुख्याने शहरांत व शाळेत नियमित येणाऱ्या मुलांवर झाले.

मराठीतील कसोट्या : मराठी मुलांसाठी उपलब्ध झालेली पहिली महत्त्वाची बुद्धिकसोटी व्ही. व्ही. कामत यांची होय. स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे त्यांनी कन्नड व मराठी भाषांत बीने श्रेणीचे रूपांतर केले आणि ते धारवाड येथील मुलांवर प्रमाणित केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बीने-कामत या नावाने ओळखली जाणारी ही कसोटी रुग्णालये व मार्गदर्शन केंद्रे यांतून अनेक दशके वापरली गेली. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतिकसोटीमालेत ठोकळ्यांची रचना, चौकटीतील तुकडे सरकवणे, आकृती काढणे, तात्कालिक स्मरण व चित्रजुळणी अशा पाच कसोट्या आहेत. उत्तर प्रदेशातील ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांवर तिचे प्रमाणीकरण झाले. साक्षर व निरक्षर यांच्यासाठी वेगवेगळी प्रमाणके देणे हा तिचा विशेष होय.

नागपूर येथील बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे (१९४९) भारतीय रूपांतर केले; ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहा शाब्दिक व पाच कृतिप्रधान उपकसोट्या असून इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी रूपही उपलब्ध झाले. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी मनुष्याकृती रेखाटण्याच्या कसोटीची भारतीय प्रमाणके तयार केली. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान विद्यार्थ्यांची निवड व विकास यांसाठी गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या उपपत्तीवर आधारलेल्या कसोट्या विकसित केल्या; उषा खिरे यांचे या क्षेत्रातील कार्य महत्त्वाचे आहे. धारवाड, नागपूर, पुणे, बडोदे व उत्तर प्रदेश ही या कसोट्यांची उगमस्थाने पाहिली, म्हणजे डहाणू–तलासरीतील मुलास त्यांपैकी एखादी कसोटी देताना त्याची तुलना कोणाशी होते, हे लक्षात येते.

बोर्डी–कोसबाडचा प्रयोग : ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ पासून मुंबईतील दादर येथे शिशुविहाराचे काम सुरू झाले. शहरी, सुस्थित घरांतील मुलांपुरती मर्यादित असलेली ही पद्धत खेड्यात व गरिबांच्या मुलांत नेण्यासाठी त्या बोर्डीस आल्या. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत या कार्यात राहिल्या. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातीलच कोसबाड येथील टेकडीवर हलविण्यात आले.

बोर्डी येथे बालवाडी सुरू झाली, तरी हरिजन व आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा शिक्षिकांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना व संज्ञा रूढ झाली. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना पुढे हेच नाव मिळाले. कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच शिक्षक कुरणात जाऊ लागले व ‘कुरणशाळा’ सुरू झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी ‘विकासवाडी’ ही याच प्रयोगाची पुढची पायरी होय. माँटेसरी साधनांची किंमत खेड्यास परवडणारी नसल्याने त्यांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, काड्या व मातीच्या वस्तू यांचा उपयोग करण्यात आला. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मपर ग्रंथातून या कार्याचा परिचय होतो.

कोसबाडचा प्रयोग हा मापनाचा प्रयोग नव्हता. तरीही मापनाच्या इतिहासात त्याला स्थान देणे योग्य ठरते. कारण कसोटीकाराने प्रथम करावयाचे काम तेथे झाले. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या बुद्धीत न शोधता शाळेच्या वेळेत, जागेत, भाषेत व साधनांत शोधले गेले. मुलाला कोणत्या वस्तू परिचित आहेत, त्याच्या हाताला कोणती कामे येतात, तो कोणत्या वेळी मोकळा असतो, हे निरीक्षणाने ठरविले गेले. अशा निरीक्षणावाचून निवडलेली कसोटी मुलाची कुवत मोजते की त्याचा शाळेशी असलेला अपरिचय मोजते, हे सांगता येत नाही.

कसोट्यांच्या मर्यादा : प्रचलित कसोट्या या परिसरात वापरताना येणाऱ्या अडचणी चार प्रकारच्या आहेत. पहिली अडचण भाषेची. शब्दसंग्रह, साम्यभेद, सामान्य ज्ञान अशा उपकसोट्या प्रमाण मराठीत असतात. मुलाला कल्पना ठाऊक असूनही तिच्यासाठी प्रमाणभाषेतील शब्द ठाऊक नसेल, तर त्याचे गुण जातात. परीक्षक सूचना बोलीत समजावून देऊ लागला, तर मुलाला न्याय मिळतो. पण कसोटी ज्या ठराविक रीतीने द्यावयाची ती रीत मोडते व मूळ प्रमाणकांशी तुलना करता येत नाही. दोन्ही बाजूंनी येणारा हा पेच केवळ भाषांतराने सुटत नाही.

दुसरी अडचण अनुभवविश्वाची. स्टॅनफर्ड आवृत्तीत लहान मुलांसाठी असा एक प्रश्न होता, की शाळेत निघताना पाऊस पडत असेल तर काय करावे. छत्री किंवा पावसाळी कोट घेणे हे उत्तर ग्राह्य आणि घरी थांबणे हे अग्राह्य मानले जाई. ज्या पाड्यावर पावसात पानांचे इरले डोक्यावर घेऊन शेतात जातात आणि ओढ्याला पूर आला की पलीकडच्या शाळेची वाट बंद होते, तेथे घरी थांबणे हेच शहाणपणाचे उत्तर होय. त्याच आवृत्तीतील दुसऱ्या एका प्रश्नात कागदावर काढलेले वर्तुळ हे मैदान समजून त्यात हरवलेला चेंडू शोधण्याचा मार्ग पेन्सिलीने दाखवावयाचा असतो. चुकलेले वासरू हुडकणे हे गुराखी मुलाचे नेहमीचे काम असते व त्यासाठी लागणारी योजकता त्याच्यापाशी असते; परंतु वर्तुळाला कुरण मानणे व पेन्सिलीची रेघ म्हणजे आपली चाल मानणे हा शाळेने शिकविलेला संकेत आहे. या दोन प्रश्नांपैकी पहिल्यात मुलाचे उत्तर बरोबर असून चुकीचे ठरते, तर दुसऱ्यात उत्तर येत असूनही ते मांडता येत नाही.

तिसरी अडचण अशाब्दिक कसोट्यांची आहे. भाषा वगळली, की संस्कृतीचा परिणामही वगळला जातो, अशी समजूत एके काळी प्रचलित होती. वारली चित्रकलेच्या उदाहरणावरून तिच्यातील उणीव दिसते. फ्लॉरेन्स गुडिनफ यांनी १९२६ मध्ये तयार केलेल्या मनुष्याकृतीच्या कसोटीत ५१ गुणघटक होते. डेल हॅरिस यांच्या १९६३ च्या आवृत्तीत पुरुषाकृतीसाठी ते ७३ झाले. डोळे, नाक, तोंड, मान, बोटे, कपडे, अवयवांचे प्रमाण अशा तपशिलांसाठी गुण दिले जातात. वारल्यांच्या लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे चित्र काढतात, त्यात माणसाचे धड टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचे असते, डोके म्हणजे एक वर्तुळ असते व हातपाय रेघांचे असतात. चेहऱ्याचे अवयव व कपडे सहसा दाखविले जात नाहीत. पण नाचणारा, पेरणारा, ओझे वाहणारा माणूस शरीराच्या झोकावरून ओळखता येतो. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर पोहोचविली व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. घरच्या भिंतीवरील ही परंपरा पाहत वाढलेल्या मुलाने तिच्या पद्धतीने माणूस काढला, तर गुडिनफ यांच्या मोजपट्टीवर त्याला अत्यल्प गुण मिळतील. त्याचे कारण बुद्धीची कमतरता हे नसून, माणूस म्हणजे काय दाखवावे याविषयीचा वेगळा संकेत हे आहे. रंगीत ठोकळ्यांच्या कसोट्यांतही वेगाला जादा गुण असतात. अनोळखी माणसासमोर घड्याळ लावून घाईने काम करण्याची सवय ही शाळेचीच देणगी होय.

चौथी अडचण काळाची आहे. कापणीनंतर स्थलांतर झालेल्या कुटुंबांची मुले हिवाळ्यात व उन्हाळ्यात शाळेत नसतात. त्या महिन्यांत घेतलेल्या कसोटीचा नमुना गावात मागे राहिलेल्या, म्हणजे तुलनेने स्थिर कुटुंबांतील मुलांचा बनतो. भातलावणीच्या दिवसांत थोरली मुले शेतावर व धाकट्या भावंडांपाशी अडकतात. संशोधनाच्या अहवालात कसोटीचे नाव दिले जाते, पण ती कोणत्या महिन्यात दिली हे क्वचितच नमूद होते. या परिसरात मात्र ती माहिती आवश्यक ठरते.

या मर्यादांचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील संघराज्य न्यायालयाने १९७९ मध्ये, कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गांत घालण्यासाठी बुद्धिगुणांकाचा वापर करण्यास मनाई केली. कसोट्या ज्या समाजात प्रमाणित झाल्या त्याहून वेगळ्या समाजातील मुलांना त्या लावल्याने अन्याय होतो, हा त्या वादाचा गाभा होता. भारतात बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना मानसशास्त्रीय मापनाचा आधार घेतला जातो. जवाहर नवोदय विद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेत मानसिक क्षमतेच्या प्रश्नांचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे मुलाला शिक्का बसणे किंवा संधी हुकणे या दोन्ही गोष्टी कसोटीच्या निवडीवर अवलंबून असतात. संशोधनाच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. अयोग्य कसोटीने मिळालेली सरासरी प्रबंधात ‘आदिवासी विद्यार्थ्यांची बुद्धिमत्ता’ म्हणून नोंदली जाते, पुढील संशोधक तिचा आधार घेतात आणि साधनाचा दोष जमातीच्या नावावर जमा होतो.

कसोट्यांचा शोध : उपलब्ध कसोट्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम अमेरिकेत ऑस्कर बुरॉस यांनी सुरू केले. त्यांच्या मानसिक मापनविषयक वार्षिकीचा पहिला खंड १९३८ मध्ये निघाला. प्रत्येक कसोटीची माहिती देऊन तिचे तज्ञांकडून परीक्षण छापणे हा तिचा विशेष होता. केवळ प्रकाशकाच्या जाहिरातीवर विसंबून कसोटी निवडू नये, हा त्यामागील हेतू. भारतात लाँग व मेहता यांनी संपादित केलेली मानसिक मापनाची पहिली हस्तपुस्तिका राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. उदय पारीक व टी. व्ही. राव यांची मानसशास्त्रीय व सामाजिक साधनांची हस्तपुस्तिका १९७४ मध्ये बडोद्याहून निघाली; तिचा दुसरा खंड डी. एम. पेस्तनजी यांनी १९८८ मध्ये सिद्ध केला. त्याच बडोद्यातून एम. बी. बुच यांनी संपादित केलेले शैक्षणिक संशोधनाचे सर्वेक्षण १९७४ पासून खंडशः प्रसिद्ध होत गेले. कोणत्या प्रबंधात कोणती कसोटी वापरली अथवा रचली, हे त्यावरून कळू लागले. परिषदेने शैक्षणिक व मानसशास्त्रीय कसोट्यांचे एक राष्ट्रीय ग्रंथालयही उभारले. आग्रा, वाराणसी, दिल्ली येथील प्रकाशनसंस्थांनी कसोट्या, उत्तरपत्रिका व नियमपुस्तिका छापून विकण्याचा व्यवसाय वाढविला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठीय प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात खुले होऊ लागले आणि प्रबंधांच्या परिशिष्टांत दडलेल्या अनेक अप्रकाशित कसोट्या पाहणे शक्य झाले.

या साधनांचा उपयोग करताना कसोटीच्या नावापेक्षा तिच्या नियमपुस्तिकेला महत्त्व द्यावे लागते. तिच्यातून पुढील गोष्टी समजून घ्याव्या लागतात : कसोटी नेमके काय मोजते, प्रमाणीकरणाचा नमुना कोणत्या वयाचा, कोणत्या प्रदेशाचा व कोणत्या भाषेचा होता, त्यात मुली व ग्रामीण मुले किती होती, प्रमाणके कोणत्या वर्षीची आहेत, विश्वसनीयतेचा गुणांक कोणत्या पद्धतीने काढला, आणि सप्रमाणतेसाठी कोणता निकष घेतला. दुसऱ्या गटात मिळालेली विश्वसनीयता आपल्या गटातही तेवढीच राहील, असे गृहीत धरता येत नाही. ती नव्या नमुन्यावर पुन्हा काढावी लागते. जुन्या प्रमाणकांशी आजच्या मुलांची तुलनाही दिशाभूल करणारी ठरते. कसोटीवर रचनाकाराचा व प्रकाशकाचा हक्क असतो; परिशिष्टात सापडलेली कसोटी अनुज्ञेवाचून वापरणे किंवा तिच्यातील प्रश्न खुलेपणाने छापणे अनुचित होय, कारण प्रश्न उघड झाले की कसोटी निकामी होते.

अनुकूलनाचे काम भाषांतरापेक्षा मोठे आहे. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाने भाषांतर व अनुकूलन यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने मूळ भाषेत उलटवून पाहणे, बोली जाणणाऱ्या व्यक्तींकडून प्रत्येक प्रश्न तपासून घेणे, थोड्या मुलांवर पूर्वचाचणी घेऊन त्यांनी प्रश्नाचा काय अर्थ घेतला हे त्यांनाच विचारणे व मगच मोठ्या नमुन्यावर प्रश्नविश्लेषण करणे, अशा पायऱ्या त्यात येतात. डहाणू–तलासरीच्या संदर्भात यांपैकी सर्वांत मोलाची पायरी मुलाला विचारण्याची होय. चुकीच्या उत्तरामागील योग्य विचार तेथेच उघड होतो.

अलीकडील शैक्षणिक मापन : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बुद्धिमापनापेक्षा विद्यासंपादनाच्या मापनावर भर वाढला. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण सुरू झाले. घरी जाऊन प्रत्येक मुलाला एकेकट्याने अक्षरे, शब्द, परिच्छेद व गोष्ट वाचावयास देणे आणि सोपी गणिते घालणे, असे त्याचे स्वरूप आहे. हे मापन मुलाची इतरांशी तुलना करून क्रम लावीत नाही. त्याला काय येते व कोणती पायरी बाकी आहे, एवढेच सांगते. शाळेत नसलेले मूलही त्यात येते. मात्र वाचता न येण्याची कारणे शोधणे हे अशा सर्वेक्षणाचे काम नव्हे.

कारणांचा शोध घेणारे काम डहाणूच्या परिसरातच उभे राहिले. अनुताई वाघ व रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ग्राममंगल’ या संस्थेने डहाणू तालुक्यातील ऐने येथे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग केले. तेथे काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये वाडा तालुक्यातील सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली. वाडा तालुका व कर्नाटकातील यादगीर येथे शैलजा मेनन व त्यांचे सहकारी यांनी मराठी व कन्नड भाषांतील प्रारंभिक वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली ते तिसरीच्या त्याच मुलांचा मागोवा घेत अक्षर व शब्द वाचणे, उतारा समजणे, स्वतः लिहिणे अशा कृती त्यांना देण्यात आल्या आणि त्याबरोबर वर्गातील अध्यापन, पाठ्यपुस्तके व शिक्षकांची मते यांचाही अभ्यास झाला. देवनागरीसारख्या लिपीत स्वरचिन्हे व जोडाक्षरे यांमुळे वाचन शिकण्याचा क्रम इंग्रजीहून वेगळा असतो. म्हणून इंग्रजी कसोटीचे भाषांतर न करता लिपीच्या स्वरूपानुसार कसोटी रचणे येथे आवश्यक ठरले. मुलाला मोजताना त्याला मिळालेले शिक्षणही त्याच अभ्यासात तपासणे हा या कामाचा महत्त्वाचा विशेष होय.

मूल्यमापन : बीने यांच्या श्रेणीचा मूळ हेतू साहाय्याची गरज असलेले मूल ओळखणे हा होता. कोसबाडच्या शिक्षिकांनी कोणतीही श्रेणी न वापरता तोच हेतू वेगळ्या मार्गाने साधला : मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा त्यांनी शाळेचे अंतर मोजले. मानसिक मापनाने दिलेली काटेकोर रीत आणि बालशिक्षणाने दिलेली निरीक्षणाची दृष्टी या दोहोंची जोड संशोधकाला आवश्यक आहे. सूचींमधून योग्य नावाची कसोटी सापडली, तरी वारली बोलणाऱ्या, वर्षातील काही महिने वीटभट्टीवर घालविणाऱ्या व त्रिकोणांचा माणूस पाहत वाढलेल्या मुलाचे गुण काढण्यापूर्वी ती कसोटी स्वतःच तपासून घ्यावी लागते. अशी तपासणी शक्य नसेल, तर मिळालेले गुण मुलांच्या कुवतीचे निदर्शक न मानता, त्या कसोटीच्या मुलांशी असलेल्या अंतराचे निदर्शक मानणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक सुरक्षित ठरते.